फॉरमॅट मारण्याआधी ड्रायव्हरचा बॅकअप: का घ्यावा, कसा घ्यावा, कुठे ठेवावा?

कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा ठरला की बहुतेक घरांत फोटो, कागदपत्रे आणि टॅलीचा डेटा आठवणीने पेन ड्राइव्हवर उतरवला जातो. ड्रायव्हरची आठवण मात्र नवीन विंडोज टाकून झाल्यावर येते. वायफायचे चिन्ह दिसत नाही, स्पीकरमधून आवाज येत नाही, स्क्रीनवरची अक्षरे अवाढव्य दिसतात आणि प्रिंटरचा दिवा लागतो पण कागद काही सरकत नाही. कॉम्प्युटर तोच, प्रिंटर तोच, वायरही तीच. गेलेला असतो तो या सगळ्यांना जोडणारा दुवा, म्हणजे ड्रायव्हर.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हा प्रश्न फक्त गाणी ऐकण्यापुरता किंवा गेम खेळण्यापुरता नसतो. येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने अनेक वकिलांच्या घरी कागदपत्रे स्कॅन करून पीडीएफ बनवण्याचे काम रोज चालते. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा एमआयडीसीला सुटे भाग पुरवणारे छोटे उद्योजक घरच्या कॉम्प्युटरवरून जीएसटीचे विवरणपत्र भरतात, ई-निविदा सादर करतात. कॉलनीच्या कोपऱ्यावरचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारे दुकान तर एका प्रिंटरवर आणि एका अंगठ्याच्या मशीनवर चालते. जून महिन्यात प्रवेशासाठी उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांची रांग लागलेली असताना प्रिंटरचा ड्रायव्हर सापडत नसेल तर दिवसभराचा धंदा बसतो आणि एखाद्या विद्यार्थ्याची शेवटची तारीखही हुकू शकते.

हे टाळायला साधारण पंधरा-वीस मिनिटे आणि एक रिकामा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्येच ती सोय आहे.

ड्रायव्हर म्हणजे नेमके काय?

अजिंठा-वेरूळला येणाऱ्या जपानी पर्यटकासोबत जपानी बोलणारा गाइड असतो. पर्यटकाला मराठी येत नाही, दुकानदाराला जपानी येत नाही, पण गाइड दोघांचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचवतो. ड्रायव्हरचे काम असेच आहे. विंडोज म्हणते, ‘हे पान छाप.’ प्रिंटरला मात्र त्याच्या कंपनीने ठरवलेली खास भाषाच कळते. ड्रायव्हर विंडोजची आज्ञा त्या भाषेत सांगतो आणि प्रिंटरचे उत्तर, उदाहरणार्थ ‘कागद संपला’, परत विंडोजपर्यंत आणतो.

जपानी जाणणारा गाइड फ्रेंच पर्यटकाला उपयोगाचा नाही. तसाच एका मॉडेलचा ड्रायव्हर दुसऱ्या मॉडेलला बहुधा चालत नाही. ३२-बिट विंडोजचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर तर चालतच नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. त्यामुळे जुन्या ३२-बिट विंडोजवरून घेतलेला बॅकअप तिच्यासाठी निरुपयोगी ठरतो.

ड्रायव्हर ही एकच फाइल नसते. साधारणपणे तीन प्रकारच्या फाइल एकत्र असतात. ‘आयएनएफ’ फाइलमध्ये हा ड्रायव्हर कोणत्या उपकरणासाठी आहे आणि कुठे काय ठेवायचे याची माहिती असते. ‘एसवायएस’ फाइल म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅम. ‘कॅट’ फाइलमध्ये डिजिटल सही असते. हा ड्रायव्हर अस्सल आहे आणि मध्ये कोणी त्यात बदल केलेला नाही, हे विंडोज त्या सहीवरून तपासते. म्हणून यातली एखादीच फाइल उचलून ठेवल्याने काम होत नाही. पूर्ण संच लागतो.

विंडोज हे संच सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ‘ड्रायव्हरस्टोअर’ आणि त्यात ‘फाइलरिपॉझिटरी’ या फोल्डरात जपून ठेवते. फॉरमॅट मारताना सी ड्राइव्ह पुसला जातो, तेव्हा हे कोठारही त्याच्यासोबत जाते.

विंडोज आपोआप ड्रायव्हर टाकते, मग बॅकअप कशाला?

ही शंका रास्त आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये बहुतेक सामान्य उपकरणांचे ड्रायव्हर आधीच असतात किंवा इंटरनेट सुरू झाल्यावर विंडोज अपडेटमधून उतरतात. कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह यांचा सहसा त्रास होत नाही. अडचण येते ती पुढील ठिकाणी.

पहिली अडचण वायफायची. ड्रायव्हर इंटरनेटवरून येणार, पण इंटरनेट ज्या वायफाय कार्डावरून येणार त्याचाच ड्रायव्हर नसतो. विंडोज ११ तर सुरुवातीच्या मांडणीतच इंटरनेट मागते. तिथेच गाडी अडते.

दुसरी अडचण डिस्कची. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘व्हीएमडी’ नावाची सोय सुरू असते. अशा लॅपटॉपवर विंडोज टाकताना सेटअपला आतली एसएसडीच दिसत नाही आणि ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. अनेकांना वाटते, एसएसडी जळाली. खरे तर फक्त इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर हवा असतो. तो पेन ड्राइव्हवर असेल तर त्याच पडद्यावरच्या ‘लोड ड्रायव्हर’ बटणातून देता येतो.

तिसरी अडचण जुन्या प्रिंटरची. कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे छोटे लेझर प्रिंटर झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टेबलावर आणि शाळांच्या ऑफिसांत वर्षानुवर्षे चालले आहेत. असे प्रिंटर स्वस्त ठेवण्यासाठी त्यांच्यातले बरेचसे काम कॉम्प्युटरवर टाकलेले असते. पान कसे दिसेल याची मांडणी कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. लेझरजेट १०२० ला तर चालू झाल्यावर स्वतःचा अंतर्गत प्रोग्रॅमही कॉम्प्युटरकडूनच घ्यावा लागतो. म्हणजे योग्य ड्रायव्हर नसेल तर यंत्र धडधाकट असूनही ते नुसता डबा असते.

त्यात भर म्हणजे, इतर कंपन्यांचे जुन्या पद्धतीचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आवरती घेणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. जुना प्रिंटर वापरणाऱ्यांनी त्याचा ड्रायव्हर स्वतःजवळ ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

चौथी अडचण ‘नवा ड्रायव्हर जुन्याला चालत नाही’ ही. सीएनसी मशीनला कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम पाठवण्यासाठी अनेक वर्कशॉपमध्ये अजूनही सिरियल पोर्ट वापरतात. आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी-टू-सिरियल केबल लावतात. या केबलमध्ये बहुधा एफटीडीआय किंवा प्रॉलिफिक कंपनीची चिप असते, किंवा त्यांची नक्कल. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला आणि जगभरात अनेक केबल एका रात्रीत बंद पडल्या. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. प्रॉलिफिकचे नवे ड्रायव्हरही जुन्या ‘पीएल२३०३’ चिपना नाकारतात आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘२०१२ पासून बंद’ असा मजकूर दाखवतात. अशा वेळी काल चालत असलेला जुना ड्रायव्हर हाताशी असणे हाच सर्वांत सोपा उपाय असतो.

पाचवी अडचण कंपनीच्या वेबसाइटची. उपकरण बाजारातून गेल्यावर काही वर्षांनी त्याचे ड्रायव्हरचे पान काढून टाकले जाऊ शकते, कंपनी बंद पडू शकते किंवा विकली जाऊ शकते. प्रिंटरसोबत आलेली सीडी असली, तरी आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह कुठे असतो?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. त्यामुळे असंख्य घरांतले कॉम्प्युटर या काळात विंडोज ११ वर जात आहेत किंवा नव्याने फॉरमॅट होत आहेत. बॅकअपची गरज नेमकी आता आहे.

आधी यादी करा

बॅकअपआधी कॉम्प्युटरला काय काय जोडलेले आहे ते पाहावे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. तिथे डिस्प्ले, नेटवर्क, साउंड, प्रिंटर असे गट दिसतात. प्रत्येक गट उघडून मोबाइलने फोटो काढून ठेवणे ही सर्वांत सोपी नोंद.

एखाद्या उपकरणावर पिवळे उद्गारचिन्ह असेल तर त्याचा ड्रायव्हर आधीच बिघडलेला आहे. त्यावर दोनदा क्लिक केल्यावर एक कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवले. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही. बिघडलेल्या ड्रायव्हरचा बॅकअप घेऊन उपयोग नाही. आधी तो दुरुस्त करावा.

प्रिंटर चालू असतानाच त्याचे ‘टेस्ट पेज’ छापून ठेवावे. त्या एका कागदावर ड्रायव्हरचे नाव, त्याची आवृत्ती आणि प्रिंटर कोणत्या पोर्टवर आहे हे छापून येते. कॉम्प्युटर पूर्ण बंद पडला तरी हा कागद कपाटात राहतो.

बॅकअप कसा घ्यायचा?

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘पीएनपीयूटिल’ नावाचे साधन आधीपासून असते. त्याच्या एका ओळीच्या आज्ञेने बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात उतरवता येतात. विंडोजसोबत मुळातच आलेले ड्रायव्हर ते वगळते, कारण नवीन विंडोजमध्ये ते असतातच.

१. किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावावा आणि ‘धिस पीसी’मध्ये त्याला कोणते अक्षर मिळाले ते पाहावे. समजा ते ‘ई’ आहे.

२. पेन ड्राइव्हवर ‘ड्रायव्हर्स’ नावाचे फोल्डर तयार करावे. नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे आणि मध्ये जागा सोडू नये.

३. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून विंडोज ११ मध्ये ‘टर्मिनल (ॲडमिन)’ आणि विंडोज १० मध्ये ‘पॉवरशेल (ॲडमिन)’ किंवा ‘कमांड प्रॉम्प्ट (ॲडमिन)’ निवडावे. परवानगी विचारली की ‘येस’ म्हणावे. ॲडमिन म्हणून उघडले नाही तर आज्ञा चालत नाही.

४. पुढील ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबावे:

पीएनपीयूटिल /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर * ई:\ड्रायव्हर्स

यातील पहिला शब्द पी, एन, पी, यू, टी, आय, एल या सात अक्षरांचा आहे. त्यानंतर एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘एक्स्पोर्ट’, आडवी रेघ, ‘ड्रायव्हर’. पुन्हा एक जागा, तारा, एक जागा आणि शेवटी फोल्डरचा पत्ता. ताऱ्याचा अर्थ ‘सगळे’. पत्त्यातली रेघ उलटी तिरकी असते, हे विसरू नये.

५. पडद्यावर एकामागून एक नावे सरकू लागतील. शेवटी किती ड्रायव्हर उतरले तो आकडा दिसतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर आकाराने मोठा असल्याने थोडा वेळ लागतो.

६. फोल्डर उघडून पाहावे. प्रत्येक ड्रायव्हरचे स्वतंत्र उपफोल्डर दिसले म्हणजे काम झाले. काही नावांत ‘एएमडी६४’ असे दिसेल. कॉम्प्युटर इंटेलचा असला तरी घाबरू नये. त्याचा अर्थ फक्त ‘६४-बिट’ एवढाच आहे.

शेवटी मुख्य फोल्डरच्या नावात कॉम्प्युटरचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि तारीख घालावी. दोन वर्षांनी पेन ड्राइव्ह हाती लागल्यावर हे ड्रायव्हर कोणाचे, हा प्रश्न पडत नाही.

विंडोज ७ मध्ये ही आज्ञा नाही. अशा जुन्या कॉम्प्युटरवर ‘ड्रायव्हरस्टोअर’मधले ‘फाइलरिपॉझिटरी’ फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवता येते. त्यात विंडोजचे स्वतःचे ड्रायव्हरही येतात म्हणून आकार वाढतो, पण वेळेला उपयोगी पडते.

बॅकअप डी ड्राइव्हवर ठेवला तर?

‘डी ड्राइव्हवर ठेवले, म्हणजे सुरक्षित’ हा घरोघरी आढळणारा गैरसमज आहे. बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच वाड्यातल्या दोन खोल्या म्हणा. वाडा कोसळला तर दोन्ही खोल्या जातात. डिस्क खराब झाली किंवा फॉरमॅट मारणाऱ्याने सगळे भाग पुसून टाकले, तर डीवरचा बॅकअपही गेला.

म्हणून बॅकअपच्या दोन प्रती असाव्यात. एक पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारख्या ठिकाणी. ऑनलाइन जागा कमी असेल तर किमान वायफाय, लॅन, स्टोरेज आणि प्रिंटर या चार ड्रायव्हरची प्रत तरी तिथे ठेवावी. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नंतर सहज मिळतो.

बॅकअपमध्ये काय येत नाही?

ड्रायव्हर म्हणजे उपकरणासोबतचे सगळे सॉफ्टवेअर नव्हे. सर्वाधिक गफलत इथेच होते.

डिजिटल सहीचे टोकन: ई-निविदा किंवा कंपनीच्या कामासाठी वापरायच्या यूएसबी टोकनमध्ये प्रमाणपत्र टोकनच्या आतच असते. फॉरमॅट केल्याने ते जात नाही. मात्र टोकन आणि ब्राउझर यांच्यात बोलणे घडवणारे कंपनीचे सॉफ्टवेअर जाते आणि ते ड्रायव्हरच्या बॅकअपमध्ये येत नाही. त्याची सेटअप फाइल वेगळी जपून ठेवावी. टोकनचा पिन लक्षात असल्याची खात्रीही करावी. पिन सलग चुकला तर टोकन लॉक होते.

अंगठ्याचे मशीन: आधार पडताळणीसाठीच्या फिंगरप्रिंट उपकरणाला ड्रायव्हरशिवाय ‘आरडी सर्व्हिस’ हा प्रोग्रॅमही लागतो. तो वेगळा टाकावा लागतो. त्याची सेटअप फाइल उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्यावी.

डीटीपीचा डोंगल: मराठी डीटीपीची काही सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालतात. लग्नपत्रिका, हँडबिल, स्मरणिका छापणाऱ्यांना हे माहीत असते. लॉकचा ड्रायव्हर बॅकअपमध्ये येऊ शकतो, पण मूळ सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट येत नाहीत. ते वेगळे कॉपी करावेत. युनिकोड मराठी टायपिंगचा मात्र ड्रायव्हरशी संबंध नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. तो सेटिंग्जमधून पुन्हा सुरू करावा लागतो, इतकेच.

प्रिंटर-स्कॅनरचे सॉफ्टवेअर: ड्रायव्हर परत टाकल्यावर छपाई सुरू होते. पण एका बटणावर अनेक पानांची एकच पीडीएफ करून देणारा कंपनीचा प्रोग्रॅम परत येत नाही. वकिलांनी आणि फॉर्म भरणाऱ्या केंद्रांनी त्याचे सेटअप जरूर ठेवावे.

आणि अर्थातच, ड्रायव्हरच्या बॅकअपमध्ये स्वतःच्या फाइल येत नाहीत. फोटो, दस्तऐवज, हिशेब यांचा बॅकअप वेगळा. लॅपटॉपवर ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. ती नसेल तर कुलूपबंद डिस्क उघडत नाही.

ड्रायव्हर परत कसे टाकायचे?

नवीन विंडोज टाकल्यावर लगेच सगळे ड्रायव्हर ओतण्याची घाई करू नये. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून कोणत्या उपकरणावर पिवळे चिन्ह आहे ते पाहावे. वायफाय नसेल तर पहिला नंबर त्याचा.

एकेक ड्रायव्हर टाकण्यासाठी त्या उपकरणावर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडावे. मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ निवडून पेन ड्राइव्हवरचे ड्रायव्हर्सचे मुख्य फोल्डर दाखवावे. ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’ या चौकटीत खूण असावी. विंडोज त्या गठ्ठ्यातून योग्य ड्रायव्हर स्वतः शोधते.

सगळे एकदम टाकायचे असतील तर पुन्हा ॲडमिन टर्मिनल उघडून पुढील ओळ इंग्रजी अक्षरांत द्यावी:

पीएनपीयूटिल /ॲड-ड्रायव्हर ई:\ड्रायव्हर्स\*.आयएनएफ /सबडर्स /इन्स्टॉल

फोल्डरचे नाव नंतर बदलले असेल तर पत्त्यात नवे नाव घालावे, आणि त्यात जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा. सबडर्स हा शब्द एस, यू, बी, डी, आय, आर, एस असा लिहायचा. त्याचा अर्थ ‘आतल्या सगळ्या फोल्डरांतही पाहा’. काम संपल्यावर कॉम्प्युटर एकदा रिस्टार्ट करावा.

एकाच कॉम्प्युटरवर तीच विंडोज पुन्हा टाकली तर हा मार्ग सर्वांत भरवशाचा. विंडोज १० चे ड्रायव्हर ११ वर बहुधा चालतात, पण प्रत्येक चालेलच असे नाही. विंडोज ११ मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा काही जुने ड्रायव्हर अडवते. पूर्ण वेगळ्या कॉम्प्युटरवर जाताना मात्र सगळा गठ्ठा टाकू नये. प्रिंटर, स्कॅनर, केबल अशा बाहेरून जोडायच्या वस्तूंचेच ड्रायव्हर न्यावेत.

एखादा ड्रायव्हर टाकल्यावर बिघाड झाला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण दाबता येत नसेल तर आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे.

बॅकअप घेतलाच नव्हता, आता काय?

सर्वांत आधी इंटरनेट मिळवावे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून फोनमध्ये ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू केले तर विंडोजला बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय इंटरनेट मिळते. लॅनची वायर लावूनही पाहावे.

त्यानंतर लॅपटॉपच्या खालचा स्टिकर वाचून मॉडेल किंवा सिरियल नंबर घ्यावा आणि कंपनीच्या अधिकृत साइटवर तो टाकावा. नेमक्या त्याच मशीनचे ड्रायव्हर मिळतात.

‘अननोन डिव्हाइस’ असे दिसत असेल तर त्याची ओळख पटवण्याचा मार्ग आहे. त्यावर दोनदा क्लिक करून ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. आतल्या कार्डांच्या बाबतीत ‘व्हीईएन’पुढचे चार अंक-अक्षर कंपनी सांगतात आणि ‘डीईव्ही’पुढचे मॉडेल. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी आणि १०ईसी म्हणजे रिअलटेक. यूएसबी उपकरणांत ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ असते. तिथे ०३एफ० म्हणजे एचपी आणि ०४ए९ म्हणजे कॅनन. हा क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या ‘अपडेट कॅटलॉग’ या अधिकृत साइटवर टाकूनही ड्रायव्हर शोधता येतो.

फुकटातल्या ‘ड्रायव्हर अपडेटर’पासून सावध

गुगलवर ड्रायव्हरचे नाव टाकले की मोठ्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणांच्या साइट समोर येतात. ‘तुमचे २७ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असे घाबरवणारे प्रोग्रॅमही असतात. त्यांच्यासोबत नको असलेली सॉफ्टवेअर, जाहिराती आणि कधी त्याहून घातक गोष्टी घुसतात.

ड्रायव्हरच्या बाबतीत हा धोका साध्या ॲपपेक्षा मोठा आहे. अनेक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये चालतात. तिथे चूक झाली तर एकटा प्रोग्रॅम बंद पडत नाही, अख्खा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे तिचा कर्नलमधला ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. जगभर विमाने रखडली. नामांकित कंपनीच्या हातून हे घडू शकते, तर अनोळखी साइटवरचा ड्रायव्हर किती जोखमीचा, हे वेगळे सांगायला नको.

तसेच सगळे व्यवस्थित चालू असताना केवळ नवा आला म्हणून प्रत्येक ड्रायव्हर बदलण्याची गरज नाही. सुरक्षेची त्रुटी दुरुस्त झाली असेल किंवा प्रत्यक्ष अडचण असेल तेव्हाच बदलावा, आणि तोही आधी बॅकअप घेऊन.

लिनक्स वापरत असाल तर?

उबंटूसारख्या लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. त्यामुळे बॅकअपची गरज फारशी पडत नाही. काही वायफाय कार्डे आणि एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड हे अपवाद. मात्र अंगठ्याचे मशीन, डिजिटल सहीचे टोकन किंवा डीटीपीचा डोंगल वापरायचा असेल तर त्या कंपनीने लिनक्ससाठी सॉफ्टवेअर दिले आहे का, हे बदल करण्याआधी तपासावे.

दुकानात कॉम्प्युटर देण्याआधी

अनेक जण फॉरमॅटचे काम दुकानदाराकडे सोपवतात. तो विंडोज टाकून देतो, वायफाय आणि आवाज सुरू करून देतो. पण घरी ठेवलेला प्रिंटर, टोकन किंवा केबल त्याच्यासमोर नसते, त्यामुळे त्यांची तपासणी होत नाही. मशीन देण्याआधी एवढे करावे:

• ड्रायव्हरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो पेन ड्राइव्ह घरीच ठेवावा. दुकानात द्यायचाच असेल तर दुसरी प्रत द्यावी.
• प्रिंटरचे टेस्ट पेज छापावे, डिव्हाइस मॅनेजरचे फोटो काढावेत.
• टोकन, अंगठ्याचे मशीन, स्कॅनर आणि डीटीपी सॉफ्टवेअर यांच्या सेटअप फाइल वेगळ्या ठेवाव्यात.
• स्वतःच्या फाइल आणि बिटलॉकरची की जपावी.
• ‘सगळे भाग पुसू का?’ असे दुकानदाराने विचारल्यास डी ड्राइव्हवर काय आहे ते पाहूनच उत्तर द्यावे.
• मशीन घरी आल्यावर पैसे चुकते करण्याची घाई न करता प्रत्येक उपकरण एकदा जोडून पाहावे.

हा बॅकअप दर वेळी घ्यायला हवा असेही नाही. नवीन प्रिंटर किंवा उपकरण घेतल्यावर आणि मोठ्या विंडोज अपडेटच्या आधी घेतला तरी पुरे. कॉम्प्युटर नीट चालू असतो तेव्हाच ड्रायव्हरही नीट असतात, म्हणून बॅकअपसाठी बिघाडाची वाट पाहू नये.